मुठीतली सुई

मित्रांनो, मी एक जुनी खुंटी आहे. कपडे टांगायची नव्हे. तिला निदान भिंतीवर हक्काची जागा असते आणि घरातला प्रत्येक जण रोज तिच्याकडे हात नेतो. मी लांबीला करंगळीच्या एका पेराएवढी, बांबूची, आणि माझा मुक्काम एका जपानी लष्करी तलवारीच्या मुठीत असतो.

तलवार म्हटली की सगळे आधी पात्याकडे बघतात, मग मुठीवरच्या दोरीच्या विणीकडे, मग म्यानाकडे. हे पाते मुठीत टिकते कशाच्या जोरावर, असे कोणी विचारत नाही. पात्याचा मागचा वीतभर भाग बिनधारेचा असतो. तो मुठीच्या लाकडात आत शिरलेला असतो. त्याला एक भोक, मुठीलाही आरपार भोक, आणि दोन्ही भोकांतून आडवी बसवलेली एक खुंटी. खिळा नाही, सरस नाही. मी बाहेर आले, तर मोठ्या तोऱ्यात तलवार उपसणाऱ्याच्या हातात नुसती मूठ राहील आणि पाते जाऊन पडेल शेजाऱ्याच्या अंगणात. तरी मान पात्यालाच. चालायचेच.

खरे सांगायचे तर मी जन्माने खुंटी नाही. मी विणकामाची सुई होते. एका लहानशा कारखान्यात बांबू चिरून, उकळून, घासून आम्हाला गुळगुळीत करत. मग दोघी-दोघींना कागदाच्या पाकिटात घालून दुकानात पाठवत. माझ्याबरोबर माझी बहीण होती. आम्हाला एका नव्या नवरीने विकत घेतले. तिचा नवरा गोदीत क्रेन चालवायचा. उंच केबिनमध्ये दिवसभर वारा खात बसायचा, म्हणून तिने पहिल्याच महिन्यात त्याच्या स्वेटरला हात घातला.

तो डावखुरा होता. त्याच्या सगळ्या कपड्यांची डावी बाही कोपरावर आधी फाटायची. ती म्हणायची, "तुमची डावी बाही लोखंडाची विणायला हवी." तो म्हणायचा, "वीण की. वजन उचलायला क्रेन आहेच." असे ते दोघे होते. घरात खोल्या दोन, खुर्ची एक, आणि पलंगाखाली कापडात गुंडाळलेली एक तलवार.

ती तलवार त्याला लग्नाच्या आधी, युद्ध नुकतेच संपले तेव्हा, गोदीत एका शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्याने दिली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हे आवडीने सांगायचा. युद्धात या तलवारीने काय केले, कोणाला इजा केली का, हे मात्र मी सांगू शकत नाही. मी तिच्यात आले तेव्हा सगळे होऊन गेले होते. पाते त्या विषयावर बोलत नाही आणि मीही विचारत नाही.

एकदा एका खलाशाने त्याला सांगितले की अशा तलवारीच्या मुठीच्या आत, पात्यावर, नाव कोरलेले असते. झाले. सुट्टीच्या दिवशी क्रेनवाल्याने हातोडी आणि खिळा घेतला आणि मुठीतली जुनी खुंटी ठोकून काढली. ती बिचारी आधीच वाळून ठिसूळ झाली होती, तिचा भुगा झाला. पण मूठ निघाली. आत काळपट तपकिरी लोखंडावर छिन्नीने कोरलेली अक्षरे होती. नवरा-बायको दोघेही त्यावर वाकले.

"काय लिहिलंय?" तिने विचारले.

"त्याचं नाव असणार. ज्याने मला दिली, त्याचं."

"आणि ते कशाला हवंय तुम्हाला?"

"असू दे. हवंय," तो म्हणाला. "वाचणारा कोणीतरी भेटेलच."

आता मूठ परत बसवायची तर खुंटी हवी. त्याने घरभर शोधाशोध केली. झाडूची काडी बारीक पडली, पेन्सिल मऊ निघाली. ती विणत बसली होती. शेवटी तिने माझ्यावरचे टाके बहिणीवर सरकवले आणि मला त्याच्यापुढे धरले. "घ्या. बांबूचीच आहे. मोडा."

मित्रांनो, एका सुईवर कोणी विणत नाही. तो स्वेटर महिनाभर तसाच लटकत राहिला. पण त्याने मला मोडले, चाकूने तासले, एक टोक किंचित जाड आणि दुसरे किंचित निमुळते ठेवले, आणि मुठीत ठोकून बसवले. अशी खुंटी नेहमी ठरलेल्या एका बाजूने घालतात, आणि काढताना दुसऱ्या बाजूने निमुळत्या टोकावर ठोकतात. त्याला हे कोण सांगणार? त्याने आपल्या डाव्या हाताला सोयीचे पडेल तसे मला उलट्या बाजूने घातले. आपला हात जगन्नाथ. माझे जाड टोक मुठीवर उघडे राहिले आणि निमुळते टोक दोरीच्या वेढ्याखाली दडले. त्या उघड्या टोकातून मी खोली बघू लागले. माझा मधला भाग आत त्या कोरलेल्या नावाच्या शेजारी होता. पण सुईला कुठले जपानी वाचता येते?

पुढची वर्षे त्याने तलवार जपली, म्हणजे त्याच्या परीने जपली. पात्याला गंज चढू नये म्हणून क्रेनचे ग्रीस थापले. म्यानाचा रंग उडाला तेव्हा गोदीतल्या बोटींना देतात तो करडा रंग दोन हात मारला. त्याला त्याचा फार अभिमान होता. जहाजावरून कोणी परदेशी उतरला की तो विचारायचा, जपानी वाचता येते का? कोणाला येत नव्हते. दरम्यान त्यांना मुलगी झाली, ती मोठी झाली, पोस्टात पत्रांची वर्गवारी करायच्या कामाला लागली. आणि मग एका हिवाळ्यात माझी मालकीण गेली. माझी बहीण, म्हणजे जोडीची दुसरी सुई, तिच्या पिशवीबरोबर कोणाला तरी देऊन टाकली. मी मुठीत असल्यामुळे वाचले.

आता मी तुम्हाला निकालसाहेबांबद्दल सांगते. गावात त्यांचे चष्म्याचे दुकान होते, आणि जुन्या लष्करी तलवारी गोळा करायचा नाद होता. तलवार खरी की बनावट, हे ते सांगायचे, आणि एकदा सांगितले की विषय संपला, म्हणून त्यांना निकालसाहेब म्हणायचे. माणूस लबाड नव्हता. उलट फार काटेकोर होता. बनावट तलवारींचा सुळसुळाट झाला होता, आणि फसून आलेले लोक त्यांच्याकडे रडकुंडीला येऊन बसायचे. म्हणून त्यांनी स्वतःपुरते नियम करून ठेवले होते. धारेलगत जी धुरकट लाटेसारखी रेघ असते ती पोलाद तापवून थंड केल्याने आली आहे की आम्लाने रंगवली आहे, ते भिंगातून बघायचे. मुठीजवळच्या पितळी चकत्यांवर एकच आकडा ठोकलेला आहे का, ते बघायचे. मूठ काढून आतला गंज बघायचा, कारण जुना गंज काळपट आणि मुरलेला असतो, नवा नारिंगी असतो. आणि मालक जी गोष्ट सांगेल ती कानाआड टाकायची. ते म्हणायचे, "गोष्ट सगळ्यांकडेच असते. प्रत्येकाच्या आजोबांना सेनापतीनेच तलवार दिलेली असते."

संग्राहकांच्या मंडळाने शाळेच्या सभागृहात प्रदर्शन भरवले होते. लोक घरातली नाणी, घड्याळे, पदके तपासून घ्यायला रांग लावून उभे होते. क्रेनवाला तेव्हा साठीचा झाला होता. इस्त्रीचा शर्ट घालून तो रांगेत उभा राहिला आणि त्याने आम्हाला निकालसाहेबांच्या टेबलावर ठेवले.

"खरी-खोटी मला विचारायची नाही," तो म्हणाला. "आत नाव आहे. तेवढं वाचून द्या."

"आधी तलवार बघू, मग नाव," निकालसाहेब म्हणाले. त्यांनी पांढरे हातमोजे घातले. "हा म्यानावर कसला रंग आहे?"

"बोटीचा."

रांगेतले दोघे-तिघे हसले. निकालसाहेबांनी पाते थोडे उपसले आणि वाळून चामड्यासारखे झालेले ग्रीस बघून परत आत सारले. मग भिंग माझ्यावर आले. तो मोठा गोल डोळा मी अजून विसरलेले नाही.

"ही तर विणकामाची सुई आहे," ते म्हणाले. आता सगळी रांग हसली.

त्यांनी लहानशी पितळी हातोडी आणि पितळी दाभण काढले. दोरी बाजूला सारून, त्यांच्या हाताला सवय होती त्या बाजूला दाभण टेकवले आणि हळूच ठोकले. मित्रांनो, ती बाजू माझ्या जाड टोकाची होती.

होय, तुम्ही म्हणाल की मग दोरी बाजूला सारायची गरजच काय? तर त्या बाजूलाही दोरीचा एक पदर अर्धा आडवा येतो. त्यामुळे कोणते टोक जाड आहे हे सहज कळत नाही, आणि त्यांनी ते मोजले नाही. इतकी वर्षे त्यांनी शेकडो खुंट्या त्याच बाजूने काढल्या होत्या. त्यांनी ठोकले, मी घट्ट झाले. त्यांनी पुन्हा ठोकले, मी आणखी घट्ट झाले. तिसऱ्या ठोक्याला मी लाकडात अशी रुतले की मलाच श्वास घेता येईना. मला तोंड असते तर मी एवढेच म्हटले असते, साहेब, दुसऱ्या बाजूने.

"चिकटवलेली आहे," ते म्हणाले. "बनावट तलवारींची मूठ अशीच निघत नाही. आत दाखवण्यासारखं काही नसतं ना."

"निघते ती. मी काढली होती."

"काका, मागे माणसं खोळंबली आहेत."

कशी काढली होती, कोणत्या बाजूने, एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? उत्तर टेबलापलीकडे दोन पायांवर उभे होते. पण गोष्टी कानाआड टाकायच्या सवयीत त्यांनी माणूसही कानाआड टाकला. चिठ्ठीवर 'बनावट' असे लिहून त्यांनी ती क्रेनवाल्याच्या हातात दिली. त्याने ती घडी करून खिशात घातली, आभार मानले आणि तो घरी आला.

दुसऱ्या दिवसापासून गोदीतले लोक त्याला 'डुप्लिकेट' म्हणू लागले. थट्टाच होती, पण मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही. त्याने ते मनावर घेतले नाही. मनावर घेतले ते लेकीचे बोलणे. ती प्रेमानेच म्हणाली होती, "बाबा, जाऊ दे ना. तुम्हाला कोणीतरी बनवलं असेल. तुम्ही तेव्हा लहान होतात." त्याने स्टूल ओढले. मग आम्हाला कपाटावर ठेवले. त्या दिवसानंतर त्याने ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. मला त्याचे फार वाईट वाटे, कारण या सगळ्याचे मूळ मीच होते.

कपाटावर वीस वर्षे गेली. माझ्या टोकासमोर छताचा एक कोपरा होता. त्याचा पोपडा सुटताना, पडताना आणि दोनदा रंगताना मी पाहिला. खाली मुलीचे केस पांढरे झाले आणि बापाची चाल मंदावली.

पुढचे मला निकालसाहेबांच्याच तोंडून कळले, म्हणून तसेच सांगते. ऐंशीचा झालेला क्रेनवाला एके दिवशी लेकीबरोबर त्यांच्या दुकानात गेला. त्याला नीट दिसेनासे झाले होते. जुन्या चष्म्याची एक दांडी सैल होती. बिजागरीत स्क्रूऐवजी टाचणी घातलेली होती. निकालसाहेबांनी ती काढायला चिमटा लावला, पण टाचणीला वर डोकेच सापडेना. त्यांनी चष्मा उलटा केला. डोके खाली होते.

"ही कोणी बसवली?"

"मी," क्रेनवाला म्हणाला. "मला असंच सोयीचं पडतं. तुम्ही मला ओळखलं नाहीत. माझी मूठ तुमच्याकडे निघाली नव्हती."

निकालसाहेबांनी चिमटा खाली ठेवला. क्रेनवाल्याने पावतीवर सही केली तीही त्यांनी बघितली. डाव्या हाताने. त्या संध्याकाळी त्यांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या. एका पानावर त्यांच्याच अक्षरात होते: 'खुंटी: विणकामाची सुई. तीन ठोके. हलत नाही. आत काही नसावे.' त्यांना जेवण गेले नाही, असे ते म्हणाले. मला ते ऐकून बरे वाटले, हे कबूल करते.

रविवारी सकाळी ते नवा चष्मा घेऊन स्वतः घरी आले. दार मुलीने उघडले.

"चष्मा आणलाय," ते म्हणाले. "आणि ताई, ती तलवार असेल तर मला एकदा बघायची आहे."

"एकदा बघून झालं ना तुमचं?"

"झालं. चुकीचं झालं असावं."

ती दारातून हलली नाही. आतून तिचे वडील म्हणाले, "येऊ दे गं त्यांना. चष्मा तरी लावून बघू दे."

आम्हाला कपाटावरून खाली काढले. धूळ इतकी होती की मुलीला शिंका आल्या. टेबलावर पांढरे कापड पसरले गेले. निकालसाहेबांनी हातमोजे घातले, पण दाभण हातात घेतले नाही. आधी ते क्रेनवाल्याकडे वळले.

"काका, ही खुंटी तुम्ही घातलीत? कोणत्या बाजूने?"

म्हाताऱ्याने हवेत डाव्या हाताने एक ठोका मारून दाखवला. निकालसाहेबांनी तलवार फिरवली, दोरी सारली, माझ्या निमुळत्या टोकावर दाभण टेकवले आणि एकदाच ठोकले.

मी सुटले. साठ वर्षांनी मी सगळीच्या सगळी उजेडात पडले, पांढऱ्या कापडावर. मुलीने मला उचलले.

"ही खरंच सुई आहे," ती म्हणाली.

"तुझ्या आईची," तिचे वडील म्हणाले. "माझा स्वेटर अर्धा टाकून मोडून दिली होती तिने."

मुलगी मला मुठीत धरून बसली. तिच्या मुठीत, मित्रांनो. तिच्या आईच्या हातासारखाच तिचा हात कोरडा आणि उबदार होता.

मूठ निघाली. आतले लोखंड काळपट तपकिरी, मुरलेले होते. त्यावर कानशीच्या तिरप्या रेघा होत्या, एका बाजूला कोरलेले नाव आणि दुसऱ्या बाजूला साल-महिना. निकालसाहेबांनी पितळी चकत्या एकेक करून भिंगाखाली धरल्या. सगळ्यांवर एकच आकडा होता. त्यांनी पात्यावरचे ग्रीस बोटभर जागेवरून मऊ कापडाने पुसले आणि धारेलगतची धुरकट रेघ प्रकाशात आडवी धरून बघितली. आत गंज होता तिथे मात्र त्यांनी कापड लावले नाही, आणि मुलगी पुसायला गेली तेव्हा तिचा हात धरला. तो गंज म्हणजे तलवारीच्या वयाचा पुरावा असतो, तो कधी घासायचा नसतो.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "फार मौल्यवान नाही. युद्धाच्या घाईत अशा हजारो बनल्या. पण अस्सल. मी वीस वर्षांपूर्वी चुकलो, काका. मी चारचौघांत बोललो होतो, तसंच चारचौघांत हे सांगेन."

"अस्सल आहे ते मला ठाऊक होतं," म्हातारा म्हणाला. त्याने नवा चष्मा लावला. "नाव काय आहे?"

निकालसाहेबांनी बरोबर आणलेले पुस्तक उघडले, अक्षरांशी अक्षरे ताडून बघितली आणि नाव वाचले. तो उच्चार मला जमणार नाही. म्हाताऱ्याने ते दोनदा स्वतःशी म्हटले. त्याचा चेहरा इतका उजळला की मुलगी बघतच राहिली.

"नुसत्या नावावर पत्र जाईल का गं?" त्याने तिला विचारले. "तुमच्या पोस्टातून? तो नसेल आता. पण त्याचं कोणी असेल."

निकालसाहेबांनी पुस्तक मिटले. गप्प राहिले असते तरी चालले असते, कोणाला कळणार होते? पण ते काटेकोर होते, हे मी आधीच सांगितले.

"काका, आत नेहमी बनवणाऱ्याचं नाव असतं. हे लोहाराचं नाव आहे. ज्याने तुम्हाला दिली, त्याचं नाही."

साठ वर्षे मी त्या नावाच्या अंगाला अंग लावून होते, आणि मलाही वाटत होते की तो अधिकारी माझ्या शेजारी आहे.

"म्हणजे त्याचं नाही," म्हातारा म्हणाला.

"नाही."

"तुम्ही तुमची चूक सांगितलीत. मग मीही सांगतो." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "क्रेनवर माझा पहिलाच महिना होता. शरण आलेल्यांच्या तलवारी मोळ्या बांधाव्या तशा जाळ्यात भरायच्या, आणि आम्ही त्या पडावात, म्हणजे सपाट बोटीत, टाकायच्या. पुढे त्या खोल समुद्रात बुडवणार होते. खाली ते अधिकारी ओळीने उभे होते. क्रेनच्या दांड्या सगळ्या उजव्या हाताच्या माणसासाठी. मी डाव्याने चुकीची ओढली. जाळं कलंडलं. एक तलवार सुटली आणि ओळीत उभ्या एकाच्या पायापुढे पडली. वीतभर पुढे असता तर डोक्यात गेली असती. मी धावत खाली आलो. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्याने ती उचलली, कोणाची आहे बघितलं, आणि मला दोन्ही हातांनी दिली. ती त्याचीच होती, असं मला तेव्हा वाटलं. मी ती परत जाळ्यात टाकली नाही, घरी नेली. मी माफीही मागितली नाही. मी सगळ्यांना सांगायचो की त्याने दिली. का दिली आणि कधी दिली, ते कोणालाच सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही. पत्र घालून माफी मागावी, एवढंच होतं."

निकालसाहेब, ज्यांनी आयुष्यभर गोष्टी कानाआड टाकल्या, पुढे सरकून बसले होते. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "त्याने कोणाची आहे ते बघितलं, म्हणालात. कुठे बघितलं, काका? तिला काही बांधलेलं होतं का? शरण येताना ते लोक नाव-गाव लिहून तलवारीला बांधायचे. कधीतरी परत मिळेल या आशेने."

म्हाताऱ्याने दोन बोटांनी हवेत लांबी दाखवली.

"होती," तो म्हणाला. "लाकडाची चपटी पट्टी. सुतळीने बांधलेली. शाईने लिहिलेलं होतं. मला वाटलं, मालाची खूणचिठ्ठी. गोदीत सगळ्याच मालाला असते. रंग द्यायच्या वेळी कापून काढली."

"आणि?"

"शेगडीत घातली."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. म्हाताऱ्याने टेबलावरचे उघडे पाते बघितले, आणि मग जणू स्वतःलाच समजावत म्हणाला, "म्हणजे त्याने नाव सांगूनच दिली होती."

त्याचे डोळे भरून आले. मुलीने खुर्ची ओढून त्याच्याजवळ घेतली, एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. "बाबा, तुम्हाला कोणी बनवलं असेल असं मी म्हटलं होतं. ते माझं चुकलं. पुन्हा सांगा, सगळं सांगा. मी लिहून घेते. तो कसा होता दिसायला?"

"बेताची उंची. टोपी नव्हती. चष्मा होता, त्याची एक काच तडकलेली."

"कोणती?" निकालसाहेबांनी विचारले. चष्मेवाल्याला राहवेना.

"उजवी."

मुलीने ते लिहिले. मग म्हातारा बोलतच राहिला, वीस वर्षांचे साठलेले, आणि साठ वर्षांचेही. तिने पोस्टाच्या कागदांच्या चार बाजू भरल्या. मूठ बसवायची वेळ आली तेव्हा निकालसाहेबांनी खिशातून मुद्दाम बनवून आणलेली नवी खुंटी काढली. मुलीने मान हलवली आणि आपली मूठ उघडून मला पुढे केले.

आता दर वर्षी प्रदर्शनात आम्ही पहिल्या टेबलावर असतो. निकालसाहेबांनी पहिल्या वर्षी सगळ्यांसमोर उभे राहून आपली चूक वाचून दाखवली, आणि मग आमच्यापुढे स्वतःच्या अक्षरातला पुठ्ठा ठेवला. त्यावर लोहाराचे नाव आहे, साल आहे, सांभाळणाऱ्याचे नाव आहे. शेवटच्या ओळीत 'मूळ मालक' असे लिहिले आहे आणि त्यापुढे 'पट्टीवर होते' एवढेच. क्रेनवाला शेजारी खुर्चीवर बसतो. विचारील त्याला जाळे कसे कलंडले तेही सांगतो. 'डुप्लिकेट' म्हणणाऱ्यांतले जे उरले आहेत, तेही येऊन ऐकतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर, पलंगाखाली काही जुने असेल. ते हातात घ्याल तेव्हा बोटे पुसून घ्या. त्याचा गंज घासू नका, त्याला हौसेने रंग देऊ नका. ज्याने ते सांभाळले तो माणूस घरात असेल, तर पुस्तके उघडण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा. आणि त्या वस्तूला दोऱ्याने बांधलेली एखादी मळकी चिठ्ठी असेल, तुम्हाला तिच्यातले एक अक्षरही लागत नसेल, तरी तो दोरा कापू नका. ती वाचणारा माणूस अजून यायचा असेल.